गौरी बंद नकोत, पण एकटीच्या डोक्यावरही नकोत

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४६. आम्ही चिंचवडला राहतो, मी एका सहकारी बँकेत नोकरी करते. घरातली थोरली सून असल्यामुळे गौरी-गणपती आमच्याकडेच असतात. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं माझ्यावर आलं आहे. गौरीजेवणाला पस्तीस-चाळीस पानं होतात. गेल्या वर्षी दुसरी पंगत वाढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्यापाशीच खाली बसले. दवाखान्यात बीपी १७०/१०० निघालं, साखरही वाढलेली होती. आता बीपीसाठी सकाळी टेल्मिसार्टन आणि साखरेसाठी दोन वेळा मेटफॉर्मिन चालू आहे. श्रावण लागला तशी झोप उडाली आहे. पहाटे तीनला जाग येते, डोक्यात याद्या सुरू होतात, छातीत धडधडतं. नवरा म्हणतो, 'एवढा त्रास होतो तर बंद करू या.' ते ऐकून मला रडू येतं, कारण मला गौरी हव्या आहेत. सासूबाई म्हणतात, 'आम्ही चाळीस माणसांचं केलं, कुणाला बीपी झालं नाही.' धाकटी जाऊ नाशिकहून पूजनाच्या दिवशी सकाळी येते आणि संध्याकाळी परत जाते. हरतालिकेचा निर्जळी उपास मी लग्नापासून करते. या वर्षी करू का? पाळी हल्ली अनियमित आहे, ती पुढे ढकलायची गोळी घेऊ का? आणि हे सगळं निभावून नेऊ कशी?

उत्तर :

ताई, तुम्हाला गौरी हव्या आहेत, हे आधी यजमानांना शांतपणे समोर बसवून सांगा. ते 'बंद करू या' म्हणतात त्यात काळजीच असणार. पण गेल्या वर्षी तुम्ही ओट्यापाशी बसलात त्याला देवी जबाबदार नव्हती. तुमचं पत्र वाचून मला तीन कारणं दिसतात : दिवसभर रिकामं पोट, गॅससमोर तासन् तास उभं राहणं, आणि हळदीकुंकवापासून शेवटच्या विड्यापर्यंत प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवायचं काम एकाच बाईकडे. सण ठेवून ही तिन्ही बदलता येतात.

आधी हरतालिकेचं बोलू, कारण ती सगळ्यात आधी येते. निर्जळी उपास या वर्षी करू नका. यात मी 'जमलं तर बघा' असं म्हणणार नाही. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन घेतली, तर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. गोळी चुकवली तर बीपी चढतं. म्हणजे पाणी सोडलं की गोळी घेतली तरी अडचण, नाही घेतली तरी अडचण. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा धोकादायक खाली जात नाही, पण रिकाम्या पोटी मळमळ आणि जळजळ होते. एक काम आजच करा : मेटफॉर्मिनची पट्टी हातात घेऊन मागचं नाव पूर्ण वाचा. पुष्कळदा त्याच गोळीत ग्लिमेपिराइड हे साखरेचं दुसरं औषधही असतं, आणि त्यानं उपाशीपोटी साखर खरोखरच घसरते. तसं असेल तर उपासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. हात थरथरणं, दरदरून घाम, डोकं हलकं होणं असं काही वाटलं आणि साखरेच्या मशीनवर आकडा ७० च्या खाली दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या वेळी उपास मोडेल का, हा विचार मनात आणू नका.

हरतालिका पाणी, दूध, ताक आणि फळं घेऊन करता येते. कितीतरी घरांत ती तशीच होते, आणि पार्वतीची पूजा त्यानं उणी होत नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र पोटभर खाऊ नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, साखर झपाट्यानं वाढते. भगर करणार असाल तर पाकीटबंद, तारीख पाहून घ्या, निवडून-धुऊन करा आणि त्याच वेळी संपवा. भगरीचं सुटं पीठ आणू नका. उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या राज्यात वारंवार येतात. ओल धरलेल्या भगरीवर बुरशी लवकर चढते. आणि रात्रीचं जागरण या वर्षी मुलींना करू द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मोदकांची उकड काढायची असते, तेव्हा रात्रीची झोप गेलेली परवडत नाही.

ऋषिपंचमीची मला तुमच्यासाठी काळजी नाही. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून त्या दिवशी जी ऋषीची भाजी होते, लाल माठ, अळू, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, मक्याची कणसं, जवळजवळ बिनतेलाची, ती तुमच्यासारख्या बीपी-शुगरच्या बाईसाठी वर्षातलं सगळ्यात चांगलं जेवण आहे. ती त्या एका दिवशीच का करायची, असं मला दर वर्षी वाटतं. मीठ बेतानं घाला आणि आठवड्याला एकदा करत जा.

आता पूजनाचा दिवस. गेल्या वर्षी तुम्ही सकाळपासून काय खाल्लं होतं, ते पत्रात लिहिलं नाहीत, पण मी अंदाज सांगते : पहाटे चहा, आणि मग नैवेद्य झाल्याशिवाय काही नाही. पंगती उठेपर्यंत चार वाजले असतील. या वर्षी सकाळच्या गोळ्यांबरोबर पेलाभर दूध, एखादं केळं किंवा पेरू, राजगिऱ्याचा लाडू असं काहीतरी पोटात जाऊ द्या. फराळाचं चालतं, असं बहुतेक घरांत मानतात. तुमच्याकडे तेही चालत नसेल तर पहिला नैवेद्य अकराच्या आत दाखवा आणि तुम्ही पहिल्याच पंगतीला बसा. घरची लक्ष्मी शेवटी जेवते, हा शिरस्ता बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या बाईनं पाळायचा नाही.

दुसरं, पाणी. सोवळ्यात असताना बाथरूमला जावं लागू नये, पुन्हा आंघोळ करावी लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, हे मला दवाखान्यात गणपतीनंतरच्या आठवड्यात दर वर्षी दिसतं. लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं घेऊन येतात. साखर वाढलेल्या बाईला हा संसर्ग लवकर होतो आणि लवकर बरा होत नाही. सोवळं तुम्हाला ठेवायचं असेल तर पुरण आणि नैवेद्याच्या पानापुरतं ठेवा, दोन तासांत ते होतं. बाकी स्वयंपाक धुतलेल्या सुती कपड्यांत करा आणि तांब्या-भांडं जवळ ठेवा. टेबलफॅन गॅसच्या ज्योतीला न लागेल अशा कोनात लावा. भाज्या चिरणं, पुरण वाटणं, विडे लावणं ही कामं खुर्चीवर बसून करा. पायांना सूज येत असेल तर दुपारी वीस मिनिटं पाय उशीवर ठेवून आडवं व्हायचं, पाहुणे घरात असले तरी.

पुरणपोळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. सणाच्या दिवशी एक पोळी खा, तूप लावून खा, मन मारून खाऊ नका. आधी कोशिंबीर आणि भाज्या खा, त्या पानात भात घेऊ नका, आणि जेवणानंतर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाला. साखर बिघडते ती त्या एका पोळीनं नव्हे. उरलेलं पुरण 'वाया नको जायला' म्हणून पुढचे चार दिवस घरातली बाई संपवत राहते, त्यानं बिघडते. उरलेलं त्याच संध्याकाळी डबे भरून पाहुण्यांबरोबर देऊन टाका.

पाळी पुढे ढकलायच्या गोळीचं उत्तर थोडं लांब आहे. ही गोळी औषधाच्या दुकानात मागितली की मिळते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. ते हार्मोन आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी, रक्तदाब असताना, पाळी अनियमित झालेली असताना ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेणं मला मुळीच मान्य नाही. तुम्हाला किंवा घरात कुणाला पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, अर्धशिशी असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर धोका आणखी वाढतो. शिवाय तुमची पाळी अनियमित का झाली, हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही. रजोनिवृत्ती जवळ आल्यामुळे असेल, थायरॉइडमुळे असेल, गर्भाशयात गाठ असेल. गोळीनं पाळी ढकलली की ते कारणही झाकलं जातं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, सोनोग्राफी करून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहा. त्यानंतर त्यांनी गोळी दिली तर ती त्यांच्या जबाबदारीवर घ्या. नाही दिली आणि नेमकी त्याच दिवशी पाळी आली, तर पूजा जाऊबाई करतील किंवा मुलगी करेल. देवापाशी कुणी बसायचं हे तुमच्या घरानं ठरवावं. गुठळी व्हायची की नाही, ते मात्र घराच्या हातात नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. पहाटे तीनला तुम्हाला जाग येते ती कामाच्या भीतीनं नाही. सोळा भाज्यांतली कुठली मंडईत मिळणार नाही, मुखवट्यांचं पॉलिश करायचं राहिलं, जावेच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, गुरुजींना फोन केला का, हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यावर जाणारा दिवसातला सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि अशा पुरुषांचा ८८. त्यातही लक्षात ठेवण्याचा वेळ कुणी मोजत नाही. 'सांग ना, काय करू?' असं विचारणारा नवरा चांगलाच असतो, पण त्याला सांगण्यासाठी लक्षात ठेवायचं कुणी, तर तुम्हीच.

म्हणून मदत मागू नका, कामाचा अख्खा तुकडा आठवणीसकट दुसऱ्याकडे द्या. वाणसामान आणि मंडई यजमानांकडे. यादी तुम्ही करून द्यायची नाही, गेल्या वर्षीची बिलं त्यांनी काढायची, सासूबाईंना विचारायचं आणि यादी त्यांनीच करायची. पडवळ आणायचं राहिलं तर त्या दिवशी पंधरा भाज्या होतील, आणि तुम्ही गप्प बसायचं. हे तुम्हाला सगळ्यात अवघड जाणार आहे, ते मी जाणते. पण तुम्ही एकदा धावत जाऊन पडवळ आणलंत, की ते काम कायमचं तुमच्याकडे परत आलं. गौरी उभ्या करणं, साड्या नेसवणं, आरास आणि विसर्जनानंतर सगळं पुसून पेटीत ठेवणं हा एक तुकडा मुलांकडे. वाढणं आणि आवरणं दिरांकडे. मोठी भांडी घासायला त्या दोन दिवसांपुरत्या बाई बोलवा आणि त्यांना सणाचे पैसे चांगले द्या.

जाऊबाईंना फोन तुम्ही करा. सासूबाईंमार्फत निरोप नको, आणि रागाच्या दिवशी फोन नको. एवढंच बोला : 'गेल्या वर्षी मला चक्कर आली होती, तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी या वर्षी उभं राहून सगळं करायला मनाई केली आहे. पुरण आणि कटाची आमटी तू सांभाळशील का? आदल्या दिवशी मुक्कामाला ये, आपण दोघी मिळून करू.' त्यांना रजा मिळत नसेल तर त्यांनी नाशिकहून करून आणता येईल असं काहीतरी घ्यावं : करंज्या, लाडू, पंचामृत, चटण्या. त्या येतात आणि जातात ते आळसानं, असं गृहीत धरू नका. 'ताई सगळं करतातच, आपण मध्ये लुडबुड कशाला,' असंही त्यांच्या मनात असू शकतं. आणि पोळ्या बाहेरून मागवा. नैवेद्याच्या पाच-सात घरी लाटा, बाकीच्या जवळच्या महिला बचत गटाकडे किंवा पोळीभाजी केंद्रात आठ दिवस आधी सांगून ठेवा. चाळीस माणसांच्या पोळ्या एकट्या बाईनं लाटाव्यात, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही.

सासूबाई म्हणतात ते खोटं नाही, अर्धं आहे. त्यांनी चाळीस माणसांचं केलं तेव्हा त्या एकट्या नव्हत्या. जावा, नणंदा, शेजारच्या काकू, घरात राहायला आलेली आत्या अशा सात-आठ जणी पोळपाट घेऊन बसत. आठ जणींचा स्वयंपाक आज एकीनं, बँकेतून रजा काढून करायचा आहे. आणि बीपी कुणाला झालं नाही की कुणी मोजलं नाही, हेही आता कळायला मार्ग नाही. पण हे सगळं त्यांना ऐकवू नका. ज्या बाईनं इतकी वर्षं सण उभा केला, तिला खुब्याच्या ऑपरेशननं खुर्चीत बसवलंय. बोलण्यातली धार बरीचशी त्या असहायतेतून येत असेल. त्यांना खरं काम द्या. पूजेच्या खोलीत हाताची खुर्ची ठेवा, साड्यांच्या निऱ्या कशा घालायच्या ते त्यांनी नातीला सांगावं. भाज्या निवडणं, वस्त्रमाळा करणं, फुलवाती करणं त्यांच्याकडे. तुमच्या घरच्या पद्धती त्यांच्याकडून एका वहीत उतरवून घ्या, म्हणजे तुमच्या डोक्यातलं ओझं कागदावर येईल आणि पुढच्या वर्षी ती वही कुणाच्याही हाती देता येईल.

पद्धतींबद्दल आणखी एक. 'आपल्याकडे असंच असतं' हे वाक्य ऐकलं की काहीच बदलता येणार नाही असं वाटतं. पण आपल्याकडे गौरी किती तऱ्हेच्या आहेत पाहा. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून आणलेले खडे पुजतात, कुठे तेरड्याची रोपं, कुठे मुखवटे, मराठवाडा-विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या. कुणाकडे आल्या दिवशी भाजी-भाकरी, कुणाकडे घावन-घाटलं, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य. प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे आणि घरातल्या हातांप्रमाणे हे बसवलेलं आहे. तुमच्या घरातले हात कमी झालेत, तर पानंही कमी होऊ शकतात. या वर्षी सवाष्णी, ब्राह्मण आणि घरची माणसं एवढंच गौरीजेवण ठेवा. बाकीच्यांना विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी दर्शनाला आणि प्रसादाला बोलवा, पेढा आणि मसाला दूध पुरे. पाहुण्यांना हे फोनवर यजमानांनी सांगावं, तुम्ही नव्हे.

झोपेसाठी, आता रोज रात्री नऊ वाजता डोक्यातलं सगळं दहा मिनिटं कागदावर उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे करणाऱ्याचं नाव लिहा. ज्या ओळीपुढे तुमचं नाव नाही, ती तुमची नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद करा. पहाटे जाग आलीच तर फोन हातात घेऊ नका; बसून सावकाश श्वास घ्या, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. मंडळाचा आवाज घराजवळ असेल तर त्या दिवसांपुरती झोपायची खोली बदला. आणि सण संपल्यावरही दोन आठवडे झोप लागली नाही, सारखं रडू येत राहिलं, कशातच मन लागेना, तर ते सणाच्या नावावर टाकू नका. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, मोफत आहे, आणि बोलण्यात कमीपणा काही नाही.

छातीतल्या धडधडीबद्दल मला स्वस्थ बसवत नाही. ती काळजीनंही होते, पण तुमचं वय, बीपी आणि साखर पाहता गणपतीआधी एक ईसीजी करून घ्या. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : छातीवर दडपण, जबडा, पाठ किंवा हात भरून येणं, धाप, गार घाम, कारण नसताना मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटणं, यांतलं काही झालं तर 'पित्त झालं असेल' म्हणून सोडा पिऊन पंगत वाढत राहायचं नाही. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच पित्तासारखा येतो, आणि सणाच्या दिवशी तर तो हमखास पित्तावर ढकलला जातो. गॅस बंद करायचा आणि १०८ ला फोन लावायचा. बीपीचा वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या वर दिसला आणि सोबत डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंधुक दिसणं, बोलताना अडखळणं, छातीत दुखणं असलं तरी तेच.

पोळ्याच्या आधीची वेळ तुमच्या डॉक्टरांकडे आजच घ्या. तिथे जाण्यापूर्वी सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा : पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकलेला, आधी अर्धा तास चहा नाही. घरच्या मशीनवर आकडे सारखे १३५/८५ च्या वर येत असतील तर गोळीचा डोस सणाआधीच ठरायला हवा. सोबत यजमानांना न्या, आणि हरतालिकेचं, सकाळी खाण्याचं, बसून काम करण्याचं डॉक्टरांना त्यांच्यासमोर बोलायला सांगा. घरी तुम्ही तेच सांगितलं तर ती तक्रार वाटते. तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून आलं की घर ऐकतं. बँकेतली रजा मात्र पूजनाच्या आदल्या दिवशी न काढता विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची काढा, आणि त्या दिवशी स्वयंपाक यजमानांकडे.